अर्ध्याला अर्धं

अण्णांच्या सहस्रचंद्रदर्शनातून अण्णांना मिळणार होती एक शाल, एक नारळ आणि सकाळभर पाटावर मांडी घालून बसायची शिक्षा. हेमावहिनींना, माझ्या थोरल्या जावेला, मिळणार होती बैठक. तेव्हा त्या सोहळ्याची तयारी कोण जास्त मन लावून करत होतं, हे वेगळं सांगायला नको.

बैठक म्हणजे आमच्या अमळनेरच्या घराची रस्त्याकडची मोठी खोली. सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची, धान्याची आडत होती तेव्हा तिथे गादी-लोड असायचे. आडत बंद झाली, गादी माळ्यावर गेली आणि रिकाम्या खोलीत मी बालवाडी काढली. अण्णा म्हणाले होते, "तूर्त चालव." या 'तूर्त'वर मी बरीच वर्षं काढली. वरच्या मजल्यावर मी वैजू होते, धाकटी सून. भाजीत मीठ कमी पडलं की पहिली हाक मलाच. खाली बैठकीत मात्र मी 'बाई' होते. पोरं माझं ऐकायची, त्यांच्या आया माझं ऐकायच्या, एकदा तर पोस्टमनही माझा दम ऐकून पायरीवर थांबला होता. ती खोली गेली असती तर मी चोवीस तास नुसती वैजू उरले असते.

आणि खोली जायची वेळ आली होती. हेमावहिनींचा पराग दातांचा डॉक्टर होऊन आला होता. जाऊबाईंनी खुर्चीसुद्धा बघून ठेवली होती. बटण दाबलं की पेशंट आडवा होतो, तसली. आता ती ठेवायची कुठे, एवढंच उरलं होतं. अण्णांनी जाहीर करून टाकलं, "सोहळ्याच्या दिवशी काय ते चारचौघांत सांगतो. मग पुन्हा कुणी तोंड उघडायचं नाही."

त्या दिवसापासून हेमावहिनींना अण्णांच्या आठवणींचा उमाळा आला. जळगावला जाऊन त्या एका छंदवर्गात स्क्रॅपबुक करायला शिकून आल्या. हातकागदाची जाडजूड वही, सोनेरी लेस, चमचमती पेनं, आणि नक्षी कापणारी कात्री. तिने काहीही कापलं तरी कडेला लाटा उमटायच्या.

मी रिकामा खोका मागायला वर गेले, तर दोघी सतरंजीवर बसल्या होत्या. हेमावहिनींच्या हातात कात्री आणि शेजारी माई, आमच्या सासूबाई, एकेक जुना फोटो मांडीवर घेऊन तळव्याने सरळ करत होत्या. माईंचा स्वभाव मुळात शांत. घरात आवाज चढले की त्या तांदूळ निवडायला घ्यायच्या. त्यामुळे त्यांना इतक्या हौसेने कशात भाग घेताना बघून मला बरंच वाटलं.

"इथून घे," माई बोट ठेवत म्हणाल्या. "हे सगळं नको. ह्यांच्यापुरतं ठेव."

"एवढं आभाळ कापून टाकताय?" मी म्हटलं.

"आभाळ सगळ्यांकडे असतं," हेमावहिनी म्हणाल्या. "माणूस उठून दिसला पाहिजे. आमच्या मॅडमनी सांगितलंय. आणि हो, हे कातरण घेऊन जा. तुझ्या पोरांना चिकटवायला होईल."

"फुकट मिळतंय तर घेते."

"तू काय गं, उद्या अण्णांची कवळीही मागशील आकडे शिकवायला."

"कवळी परागला लागेल," मी म्हटलं. "नमुना म्हणून."

माई हसल्या नाहीत. त्यांनी मिठाईच्या खोक्यात कातरण भरून माझ्या हातात दिलं आणि वर झाकणही लावलं.

बालवाडीला मी विकतचं काही आणत नसे. शाम्पूच्या बुचांवर आकडे, पॉलिशपेपरची अक्षरं, बुटांच्या खोक्याला भोकं पाडून त्यात नाडी ओवायची. तूर, मूग, चवळी एकत्र कालवून पोरांपुढे ठेवायची आणि वेगळी करायला सांगायची. बोटांना वळण लागतं आणि माझीही डाळ निवडून होते. पण पोरांचा लाडका खेळ होता 'अर्ध्याला अर्धं'. लग्नपत्रिकांवरचे गणपती, बिस्किटाच्या पुड्यावरची चित्रं, कॅलेंडरातले हत्ती, सगळं अर्धं कापून पुठ्ठ्यावर चिकटवायचं आणि ढिगात मिसळायचं. ज्याच्या हाती अर्धं येईल त्याने दुसरं अर्धं शोधायचं. नियम एकच: जोडी सापडेपर्यंत तुकडा हातातून सोडायचा नाही. नाहीतर पोरं दोन मिनिटांत कंटाळून हत्ती फेकून देतात.

कातरणात बहुतेक भिंती, बैलांच्या शेपट्या आणि परक्यांची कोपरं निघाली. एक तुकडा मात्र छान होता. झोक्यावर बसलेली बाई, पदर उडालेला, मान मागे टाकून हसतेय. झोक्याची एक दोरी सलग, दुसरी मात्र मध्येच कापलेली, कडेला लाटा. मी तो पुठ्ठ्यावर चिकटवला. रंगीत हत्तींमध्ये एखादी जुनी काळी-पांढरी बाई असलेली बरी.

तो तुकडा शिंप्याच्या जुईच्या हाती आला. चार वर्षांची पोर, पण वसुलीला बसवावी अशी. सगळ्यांच्या जोड्या लागल्या आणि ही आपली कमरेवर हात ठेवून उभी.

"बाई, हिचा अर्धा कुठंय?"

"नाहीये गं. दुसरा घे."

"जोडी मिळेपर्यंत सोडायचा नाही, तुम्हीच म्हणता."

आपलाच नियम आपल्यावर उलटला की शिक्षकाने नेहमी शेजारच्याला विचारावं. माई दारात मोगऱ्याला पाणी घालत होत्या.

"माई, ही कोण हो?"

माईंनी तुकड्याकडे बघितलं न बघितलं. "असेल कुणी. आखाजीला गल्लीतल्या पोरी यायच्या झोक्यावर. आता काय सगळ्यांची नावं लक्षात राहतात?"

बरोबरच होतं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्या खानदेशात लेकीबाळींचा सण. सासरी गेलेली पोर माहेरी येते, सांजोऱ्या खाते, झोके घेते, सासूला गाण्यातून चार शिव्या देते आणि पुन्हा वर्षभर गप्प बसायला परत जाते. अशा पोरी गल्लीत ढिगाने असणार. जुईला मी म्हटलं, "शोधत राहा." तिने तुकडा फ्रॉकच्या खिशात घातला आणि घरी नेला.

अण्णांच्या नजरेला हे काही पडलं नाही. आडत बंद झाली तरी ते रोज सकाळी बाजार समितीत जाऊन दुसऱ्यांची ज्वारी दाताखाली फोडून बघायचे आणि तिला नावं ठेवून दुपारी परतायचे.

सोहळ्याचा दिवस आखाजीच्या तोंडावरच आला. गल्लीत मांडव, अंगणात आचारी, बैठकीत पाहुणे. दिव्यांचं ताट फिरलं, अण्णांना ओवाळून झालं, माझ्या पोरांनी बेसूर पण मोठ्याने गाणं म्हटलं. नातवंडांच्या नावाखाली ती अण्णांच्या पाटाभोवतीच फतकल मारून बसली. मग हेमावहिनींनी जरीच्या रुमालातून वही काढली.

"अण्णा, ही तुमची चित्रकथा. सगळी मी माझ्या हाताने केलीय."

त्यांचे यजमान, म्हणजे आमचे दादा, हळूच म्हणाले, "रात्ररात्र जागून." पराग मागे उभा राहून बैठकीच्या भिंती डोळ्यांनी मोजत होता.

वही खरंच देखणी झाली होती, नाही म्हणणार नाही. मुंजीतले अण्णा, टोपीतले अण्णा, आडतीच्या गादीवरचे अण्णा. पानोपानी अण्णा आणि फक्त अण्णा. बाहेरच्या कुणी पाहिली असती तर वाटलं असतं, हा माणूस जन्मभर एकटाच उभा राहून फोटो काढून घेत होता. पाहुणे वाहवा करत होते. अण्णा मात्र पान उलटण्याआधी दर वेळी फोटोच्या लाटांवरून अंगठा फिरवत होते, ज्वारीचं पोतं तपासावं तसा.

मग एक पान आलं. तरुण अण्णा निंबाखाली उभे, दोन्ही हात पुढे ताणलेले, चेहरा हसरा. कडेला दोरीचा जेमतेम तुकडा, पुढे काहीच नाही. खाली सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं: 'अण्णांचा व्यायाम'.

"बघा, म्हणून तब्येत टिकली," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

"बाई!" जुई किंचाळली. "सापडला! हिचा अर्धा सापडला!"

मी उठेपर्यंत तिने खिशातला पुठ्ठा काढून पानावर टेकवलाही होता. लाटेत लाट बसली. दोरीला दोरी लागली. अण्णांचे ताणलेले हात थेट झोक्याच्या पाटाला भिडले, आणि व्यायाम करणारा माणूस एका हसणाऱ्या बाईला झोका देऊ लागला.

अण्णांनी जुळलेल्या लाटांवरून अंगठा फिरवला.

"द्वारकी," अण्णा म्हणाले.

तेव्हा मला कळलं. द्वारकाआत्या, अण्णांची एकुलती बहीण, पारोळ्याला दिलेली. मी या घरात आले त्याच्या आधीच भावाबहिणीत काहीतरी बिनसलं होतं आणि येणं-जाणं तुटलं होतं. एवढंच मला माहीत; चेहरा कधी पाहिला नव्हता. पारोळा एसटीने तासाभराचं. पण रुसव्याला एसटी नसते.

"हिला कुणी कापलं?" अण्णांनी विचारलं. आवाज चढवला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली.

"अण्णा, तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून..." हेमावहिनी म्हणाल्या.

"मला त्रास होतो, हे तुला कुणी सांगितलं?"

हेमावहिनींनी माईंकडे बघितलं. माई उठल्या. "दूध उतू जातंय वाटतं," म्हणत त्या जिना चढू लागल्या. त्या दिवशी सगळा स्वयंपाक आचाऱ्याकडे होता. घरातल्या गॅसवर काही ठेवलेलंच नव्हतं.

सुनेने सासूचं नाव चारचौघांत घेऊ नये, एवढं वळण हेमावहिनींना होतं. मग उरले मी.

"वैजू, हे तू पढवलंस पोरीला."

"पढवलं तर आहेच," मी म्हटलं. "वर्षभर तेच पढवतेय. पण दुसरं अर्धं तुमच्या वहीत आहे, हे मला कोण सांगणार होतं?"

"बाई, माझी जोडी लागली ना?" जुईला बक्षीस हवं होतं.

दादांना अजून आशा होती. ते घसा साफ करून म्हणाले, "अण्णा, ते बैठकीचं आज सांगणार होतात..."

"सांगेन. आधी गाडी सांग. मला पारोळ्याला जायचंय, मुराळी म्हणून."

मुराळी म्हणजे लेकीला माहेरी न्यायला येणारा माणूस. बोलावणं न येता सणाला गेलेल्या लेकीची आमच्याकडे किंमत राहत नाही, म्हणून मुराळी लागतोच. सहसा भाऊ येतो, नाहीतर भाचा. ऐंशी उलटलेला मुराळी मी पहिल्यांदाच बघत होते.

दुसऱ्या दिवशी निघालो. माईंचे गुडघे दुखत होते, त्यांना गाडीत बसवत नव्हतं. अण्णांच्या गोळ्यांची पिशवी धरायला मला नेलं. रस्ताभर ते एकच वाक्य बोलले, "तिला सांजोरी आवडते, घेतलीय ना?"

पारोळ्याला आत्या पुतण्याच्या घरात मागच्या खोलीत राहत होत्या. एकट्या, किरकोळ, डोळे मात्र सुईच्या टोकासारखे. त्यांनी दारातल्या अण्णांना बराच वेळ निरखलं.

"कोण शे?"

"मी शे. मुराळी."

"उशीर झाला मुराळ्याला."

"झाला."

"बस. पाणी पी. चिडायचं नंतर बघू."

अण्णा खाटेवर बसले. मी भिंतीशी टेकले. अशा वेळी सुनेने भिंत व्हावं, सगळं ऐकू येतं.

"त्या वर्षी का नाही आलास?" आत्यांनी विचारलं.

"तूच निरोप धाडलास ना, की येत नाही म्हणून. घरात बारसं आहे म्हणून."

"मी? अरे, मी बोचकं बांधून ओट्यावर बसले होते. दिवस मावळला तरी उठले नाही. सासू म्हणाली, तुझ्या माहेरचे विसरले बहुतेक. तिच्यासमोर असं तोंड खाली घालावं लागलं होतं का कधी? तेव्हा घातलं."

"मला निरोप मिळाला," अण्णा सावकाश म्हणाले. "घरातूनच मिळाला. मी मंडीतून आलो, जायला कपडे बदलत होतो, तेव्हा."

आत्यांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि पुन्हा तिथेच ठेवला.

"बरं, त्या वर्षी निरोप मिळाला. पुढच्या वर्षी?"

"तू एकदा नाही म्हणालीस, मग मी कशाला बोलावू?"

"तू एकदा नाही आलास, मग मी कशाला येऊ?"

एकाच मातीची दोन मडकी, फुटतील पण वाकणार नाहीत. मग आत्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "वहिनी बरी आहे?"

"बरी आहे. गुडघे दुखतात."

"दुखणारच," आत्या म्हणाल्या.

बोचकं बांधायला त्यांना वेळ लागला नाही. पुतण्याने तर ट्रंकही गाडीत चढवून दिली. सणापुरतं चाललेल्या पाहुणीचं एवढं सामान कसं, हे त्याने विचारलं नाही आणि आम्हीही नाही. गाडी सुरू झाल्यावर आत्या म्हणाल्या, "भाऊ, मला जिना चढवत नाही हं."

"जिना कशाला? खाली बैठक आहे ना. ऐसपैस. रस्ता दिसतो. तुझीच ती आता."

मी पुढच्या सीटवर होते. सांजोऱ्यांचा डबा मांडीवर होता. माझी बालवाडी पारोळा सुटायच्या आत गेली, आणि परागची खुर्चीही तिच्याबरोबरच गेली, एवढाच काय तो दिलासा.

घरी माई भाकरतुकडा घेऊन उंबऱ्याशी उभ्या होत्या. नव्या साडीचा पदर डोक्यावर, चेहरा नेहमीसारखा शांत. त्यांनी आत्यांवरून तुकडा ओवाळायला हात उचलला.

"वहिनी," आत्या हसून म्हणाल्या, "यंदा निरोप नीट पोचला गं."

माईंचा हात हवेतच राहिला. हेमावहिनींनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. एका क्षणात आम्हा दोघींना सगळं समजलं: फोटो कुणाच्या बोटाने कापले गेले, आणि ते बोट पहिल्यांदा कधी उठलं होतं. भांडणात कधीच न बोलणाऱ्या बाईने घरातलं सगळ्यात मोठं भांडण एका वाक्यात करून ठेवलं होतं. का, ते आम्ही कधी विचारलं नाही. दरवर्षी आखाजीला नणंद यायची, पाटावर बसायची, स्वयंपाकाला नावं ठेवायची आणि भाऊ तिच्यामागे उभा राहून झोके द्यायचा. त्या काळात भाऊ असे झोके बायकोला देत नसत.

अण्णांनी स्वतः आत्यांची ट्रंक बैठकीत सरकवली.

पहिल्या सकाळी हेमावहिनी चहा घेऊन खाली निघाल्या, तर आत्यांनी परत पाठवलं. "तू कशाला पोरी? वहिनीला येऊ दे. आमचं किती वर्षांचं बोलायचं राहिलंय."

आखाजी झाली. पाऊस झाला, दिवाळी झाली. आत्या गेल्या नाहीत, आणि त्या कधी जाणार हे विचारायची कुणाची टाप नव्हती. पराग शेवटी खुर्ची घेऊन जळगावला गेला. तिकडे त्याचं बस्तान बसलं, तिकडचीच मुलगी केली, आणि सणाला यायचं तर 'पेशंट असतात' म्हणू लागला. बैठक मिळवायला निघालेल्या हेमावहिनींनी मुलगा घालवला. वर 'आत्यांना कापणारी सून' हे नाव नात्यागोत्यात चिकटलं ते वेगळंच. खरं सांगून सासूला उघडं पाडायचं की गप्प बसून आपण काळं व्हायचं, यात त्यांनी काळं होणं पत्करलं. त्या बाबतीत मी त्यांना मानते.

मी गच्चीवर पत्र्याखाली बालवाडी नेली. आमच्याकडचा उन्हाळा ज्यांना माहीत आहे त्यांना पत्रा म्हणजे काय ते सांगायला नको. निम्मी पोरं त्यांच्या आयांनी काढून घेतली. उरली त्यांना शिकवलं, आणि दुपारी वरच्या मजल्यावर उतरून पुन्हा वैजू झाले.

अण्णांना बहीण मिळाली. रोज दुपारी दोघं पत्ते खेळायचे आणि रोज दुपारी ती त्यांना लबाड म्हणायची. मात्र बायकोशी ते पुढे कामापुरतंच बोलले. रागावले असते तर तो राग एक ना एक दिवस गेला असता; ते नम्र झाले. 'अहो' म्हणू लागले तिला.

आम्ही सगळ्यांनी जे भरायचं ते एकदाच भरलं आणि मोकळे झालो. माई मात्र सकाळ-संध्याकाळ, कठड्याला धरून, एकेक पायरी मोजल्यासारखी उतरत, चहा घेऊन खाली जायच्या. आम्ही सुना पुढे झालो की हाताने बाजूला सारायच्या. अण्णा गेल्यावरही त्यात खंड पडला नाही. बोलणं असं त्या दोघींत काहीच होत नसे. आत्या कप तोंडाला लावायच्या, थोडं थांबायच्या आणि म्हणायच्या, "गार झाला गं, वहिनी." आणि माई कप घेऊन पुन्हा जिना चढायच्या.